जुन्या इंग्लिश जमिनीच्या कागदांतले शब्द कसे वाचायचे: सातबारा वाचता येणाऱ्यांसाठी

मी नाशिकला वकिलांसाठी टायटल सर्चचं काम करते, 18 वर्षं झाली. म्हणजे सब-रजिस्ट्रार ऑफिसला इंडेक्स टू बघायचे, जुने फेरफार काढायचे, तीस वर्षांची साखळी जुळवायची आणि रिपोर्ट लिहून द्यायचा. इंग्लंडच्या मध्ययुगीन कागदांशी माझा काडीचा संबंध नव्हता. माझी भाची तिकडे कायद्याचा इतिहास शिकायला गेली आणि एका रविवारी तिने व्हॉट्सॲपवर तेराव्या-चौदाव्या शतकातल्या नोंदींची भाषांतरं पाठवली, "मावशी, इंग्लिश कळतंय गं, पण अर्थच लागत नाहीये, तू रोज हेच करतेस ना, बघ ना जरा." मी बघितलं तर शब्द सगळे परके पण कागदाची चाल ओळखीची, लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा, साक्षीदार, सगळं जागच्या जागी. तेव्हापासून मी हे कागद आवडीने वाचते, आणि मला खात्रीने वाटतं की ज्याला दिंडोरी-निफाडकडचा एखादा जुना फेरफार नीट वाचता येतो त्याला हेही जमतं, फक्त कुठे फसायला होतं ते आधी माहिती पाहिजे. ते इथे लिहिते आहे, कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी पण आणि ज्यांना नुसतं कुतूहल आहे त्यांच्यासाठी पण.

सगळ्यात आधी "मालक कोण" हा प्रश्न बाजूला ठेवा. आपल्या सातबाऱ्यावर तरी मालक हा शब्द कुठे आहे, तिथे भोगवटादार आहे, आणि वर भूधारणा पद्धती असा रकाना आहे. भूधारणा, म्हणजे जमीन कशी धरली आहे. इंग्लंडचं अख्खं जुनं जमीन-कायद्याचं प्रकरण या एका शब्दावर उभं आहे. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, तेव्हापासून सगळी जमीन शेवटी राजाची आणि बाकी सगळे ती धरणारे असं मानलं गेलं. धरणाऱ्याला टेनंट म्हणायचे, लॅटिनमधल्या धरणे या क्रियापदावरून. त्यामुळे टेनंट दिसला की भाडेकरू समजू नका, पंचवीस गावं असलेला सरदारसुद्धा कागदावर टेनंटच असतो. माझ्या भाचीची पहिली अडचण हीच होती, तिला वाटत होतं सगळा देश भाड्याने राहतोय आणि मालक सापडतच नाहीये.

मग प्रश्न तीन विचारायचे. जमीन कोणाकडून धरली आहे, कशाच्या बदल्यात धरली आहे, आणि किती काळासाठी धरली आहे. कागदातला जवळपास प्रत्येक अवघड शब्द या तिन्हीपैकी एकाचं उत्तर असतो. मी वहीत तीन रकाने पाडते आणि शब्द आला की कुठल्या रकान्यात बसतो ते आधी ठरवते, नेमका अर्थ नंतर बघते.

पहिला रकाना, कोणाकडून. जो थेट राजाकडून धरतो तो टेनंट-इन-चीफ. त्याने पुढे दुसऱ्याला दिली, त्याने तिसऱ्याला, अशी उतरंड लागते आणि मधल्यांना मीन लॉर्ड (mesne) म्हणतात, मीन म्हणजे इथे मधला, हे विसरू नका. एकाच जमिनीच्या नोंदीत तीन-चार नावं असतात आणि सगळी खरी असतात, आपल्याकडे वर इनामदार आणि खाली कूळ असायचे तसंच. ही उतरंड वाढत गेली की वरच्याचं नुकसान व्हायचं, म्हणून 1290 साली एडवर्ड पहिला याच्या काळात क्विया एम्प्टोरेस नावाचा कायदा आला. त्याने काय केलं, तर कायमची जमीन देताना नवीन पायरी घालायची नाही, घेणारा देणाऱ्याच्या जागी उभा राहणार आणि वरच्या लॉर्डकडूनच धरणार. वाचताना याचा थेट उपयोग होतो. 1290 च्या आधीच्या दस्तात "माझ्याकडून आणि माझ्या वारसांकडून धरावी" असं दिसलं तर नवी पायरी तयार झाली आहे, आणि नंतरच्या दस्तात "त्या जमिनीच्या मुख्य लॉर्डांकडून धरावी" असं दिसलं तर फक्त नाव बदललं आहे, आपल्या भाषेत फेरफार झाला आहे. एका वाक्यावरून साल नसलेल्या दस्ताचा साधारण काळ कळतो, मला हे फार आवडतं.

आणि टेनंट-इन-चीफला स्वतःकडची जमीन दुसऱ्याला द्यायची तर राजाची परवानगी लागायची, न घेता दिली तर दंड. वर्ग 2 ची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही हे ज्याला माहिती आहे त्याला हे वेगळं समजवायला नको. धार्मिक संस्थेला जमीन देण्यावर तर 1279 पासून बंदीच आली, मॉर्टमेन म्हणजे मेलेला हात, कारण मठ मरत नाही, त्याला वारस नसतो, त्यामुळे वरच्या लॉर्डला वारसाच्या वेळी मिळणारा पैसा कायमचा बुडतो. मग लोक लायसन्स काढून द्यायचे, आणि त्या लायसन्सची चौकशी, जबाब, सगळं रेकॉर्डला सापडतं.

दुसरा रकाना, कशाच्या बदल्यात. घोडेस्वार सैनिक पुरवायचा असेल तर नाइट सर्व्हिस. राजाचं ठराविक काम करायचं, निशाण धरायचं, बाण पुरवायचे, तर सार्जंटी, आपल्या वतनाच्या सगळ्यात जवळचा शब्द हाच, पद आणि जमीन एकत्र बांधलेली. देवासाठी प्रार्थना करायच्या बदल्यात असेल तर फ्रँकअलमॉइन, म्हणजे आपलं देवस्थान इनाम, वर्ग 3. ठरलेला खंड किंवा ठरलेली शेतीची सेवा असेल तर सॉकेज. खंड कधीकधी नावालाच असतो, वर्षाला एक गुलाबाचं फूल सेंट जॉनच्या सणाला म्हणजे 24 जूनला, किंवा एक मिरीचा दाणा. हे वाचून लोकांना काव्य वाटतं, पण तो नातं चालू असल्याचा पुरावा आहे, फूल दिलं म्हणजे मी तुमच्याकडून धरतो हे दरवर्षी कबूल केलं.

या सेवेच्या जोडीला काही प्रसंगी देणं लागायचं आणि त्यांची नावं सारखी येतात. वारस गादीवर बसताना द्यायची रक्कम ती रिलीफ. रिलीफ म्हणजे मदत नाही, तो सरळ सरळ नजराणा आहे, वतनदाराच्या मुलाने वतन पुढे चालवताना भरावा तसा. राजे मनाला येईल ते मागायचे म्हणून 1215 च्या मॅग्ना कार्टात आकडा बांधून दिला, अर्लच्या बॅरनीला, म्हणजे मोठ्या सरदाराच्या जहागिरीला, 100 पौंड आणि एका नाइटच्या जमिनीला जास्तीत जास्त 100 शिलिंग. वारस लहान असेल तर वॉर्डशिप, म्हणजे तो मोठा होईपर्यंत लॉर्ड त्याची जमीन सांभाळणार आणि उत्पन्न स्वतः खाणार, आणि त्याचं लग्न कोणाशी लावायचं हाही लॉर्डचा हक्क, तो हक्क विकता पण यायचा. बापाचं छत्र गेलेल्या पोरांच्या या नोंदी मला अजून शांतपणे वाचता येत नाहीत. वारसच नसेल तर जमीन वर परत जाते, ते एस्चीट, म्हणजे सरकारजमा. हा शब्द मेलेला नाही बरं का, आपल्या राज्यघटनेच्या कलम 296 मध्ये आहे आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात कलम 29 च्या वर उपशीर्षक म्हणून तोच आहे.

तिसरा रकाना, किती काळ. इथे सगळा खेळ दोन-चार शब्दांचा आहे आणि भाषांतर करणाऱ्याने ते गाळले तर दस्ताचा अर्थच जातो. "त्याला आणि त्याच्या वारसांना" असं असेल तर फी सिंपल, वारस आहेत तोवर चालू. "त्याला आणि त्याच्या देहापासून झालेल्या वारसांना" असं असेल तर फी टेल, म्हणजे पोटच्या संततीतच राहणार, भावा-पुतण्याकडे जाणार नाही, 1285 च्या डे डोनिस कायद्याने हे पक्कं झालं. नुसतं "त्याला" किंवा "त्याच्या हयातीपर्यंत" असेल तर लाइफ इस्टेट, मेला की संपलं, मग जमीन देणाऱ्याकडे परत येत असेल तर रिव्हर्शन आणि दस्तातच ठरवलेल्या तिसऱ्या माणसाकडे जात असेल तर रिमेंडर. विधवेला नवऱ्याच्या जमिनीतला तिसरा हिस्सा हयातीपर्यंत, तो डॉवर, आपल्या हुंड्याशी त्याची गल्लत करू नका. फी टेल आपल्याकडे आणायचा प्रयत्न पण झाला होता, 1872 च्या टागोर खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की असली इस्टेट हिंदू कायद्याला माहितीच नाही.

आता कब्जा. जुन्या इंग्लिश कायद्यात कब्ज्याला सीझिन म्हणतात आणि त्याचं वजन नुसत्या ताब्यापेक्षा जास्त आहे, मानाने, हक्काने, जमिनीवर बसलेला असणं. नुसता दस्त लिहून जमीन जायची नाही, देणारा-घेणारा शेतावर जायचे, साक्षीदारांसमोर देणारा मातीचं ढेकूळ किंवा डहाळी घेणाऱ्याच्या हातात द्यायचा, याला लिव्हरी ऑफ सीझिन म्हणतात. दस्त नंतर, आठवण राहावी म्हणून. म्हणून जुन्या दस्तांत क्रियापद भूतकाळात असतं, "दिली आहे", कारण देणं आधीच होऊन गेलेलं असतं. आणि कोणी जबरदस्तीने काढून टाकलं तर ती डिसीझिन. हेन्री दुसऱ्याच्या काळात, 1166 च्या सुमाराला, यावर नॉव्हेल डिसीझिन नावाचा झटपट दावा निघाला, त्यात हक्क कोणाचा हे बघायचं नाही, फक्त अलीकडे कोणाला काढून टाकलं एवढंच बारा जणांना विचारायचं आणि कब्जा परत द्यायचा. मामलेदार कोर्टात किंवा स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत जायचं आणि टायटलचा प्रश्न तिथे काढायचाच नाही, हे ज्यांनी केलंय त्यांना हा विचार घरचाच वाटेल.

इथपर्यंत समजलं की मग खरी भीती ओळखीच्या शब्दांची असते. अनोळखी शब्दाला आपण थांबतो, डिक्शनरी बघतो, ओळखीच्याला थांबत नाही, आणि तिथेच चूक होते. मी स्वतः एका नोंदीत "फार्म" म्हणजे शेत धरून दोन पानं टिपणं काढली आणि सगळी फाडावी लागली. मध्ययुगीन कागदात फार्म म्हणजे ठरलेली ठोक रक्कम, एखादं गाव किंवा गिरणी फार्मला दिली म्हणजे मक्त्याने दिली, इजाऱ्याने दिली. शेत हा अर्थ नंतर चिकटला. फाइन म्हणजे बऱ्याचदा दंड नाही, एकतर जमीन नावावर होताना भरायची रक्कम नाहीतर कोर्टातला शेवटचा करार. फी म्हणजे वकिलाची फी नाही, वंशाने चालणारी जमीन. परचेस म्हणजे वारसाशिवाय कुठल्याही मार्गाने मिळालेली जमीन, बक्षीस मिळाली तरी परचेसच. वेस्ट म्हणजे गावाची पडीक चराईची जमीन, गायरानासारखी, पण हयातीपुरत्या धरणाऱ्याने वेस्ट केली असं असेल तर त्याने झाडं तोडली, घर पाडलं, नासधूस केली. मॅनर म्हणजे वाडा नाही, लॉर्डची जमीन, लोक, कोर्ट, हक्क सगळं मिळून एक इस्टेट, आणि एका गावात दोन मॅनर किंवा एका मॅनरमध्ये तीन गावं असू शकतात. हंड्रेड म्हणजे शंभर काही नाही, तो परगण्यासारखा विभाग आहे, उत्तरेच्या काही भागात त्यालाच वॅपनटेक म्हणतात. विलन म्हणजे पिक्चरमधला नाही, बांधलेला कुणबी. आणि लॅटिन नोंदीत नातिवुस आलं तर ते स्थानिक माणूस म्हणून नाही, जन्माने बांधलेला म्हणून.

या विलनबद्दल जरा थांबून सांगते, कारण साध्या माणसाची नोंद इथेच सापडते. विलन लॉर्डच्या खास जमिनीवर, म्हणजे डिमेनवर, आठवड्यातले ठरलेले दिवस राबायचा, सुगीला जादा राबायचा, मुलीचं लग्न करायचं तर मर्चेट नावाची रक्कम भरायचा, आणि मेला की त्याच्या घरातलं सगळ्यात चांगलं जनावर लॉर्ड न्यायचा, त्याला हेरियट म्हणतात. मी त्याला कूळ म्हणून समजावत होते, पण ती तुलना अर्धीच चालते, कारण कूळ माणूस म्हणून मोकळा असतो आणि विलन नव्हता, त्याला जमीन सोडून जाता यायचं नाही आणि जमिनीसाठी राजाच्या कोर्टात उभं राहता यायचं नाही. त्याचा हक्क फक्त मॅनरच्या कोर्टात. तिथल्या नोंदींच्या गुंडाळ्यांना कोर्ट रोल म्हणतात, चामड्यावर लिहिलेल्या लांबच लांब पट्ट्या.

त्यातली एक नमुना नोंद मी इथे मांडते, खऱ्या नोंदी अशाच चालीच्या असतात. "अमुक कोर्टात आला आणि त्याने एक मेस्वेज आणि अर्धं व्हर्गेट जमीन लॉर्डच्या हाती परत दिली, तमुकच्या उपयोगासाठी. लॉर्डने तमुकला सीझिन दिली, त्याने आणि त्याच्या लोकांनी लॉर्डच्या मर्जीने मॅनरच्या रिवाजाप्रमाणे धरावी. फाइन 6 शिलिंग 8 पेन्स दिला, निष्ठेची शपथ घेतली. हेरियट एक गाय." आता वाचा. परत दिली हे नाटक आहे, अमुकने तमुकला विकली आहे किंवा मुलाला दिली आहे, पण जमीन कागदोपत्री लॉर्डची म्हणून आधी त्याच्या हाती द्यायची आणि त्याने ती पुढे द्यायची. "उपयोगासाठी" म्हणजे वापरायला नाही, तमुकच्या लाभासाठी. मेस्वेज म्हणजे घर, परसू, गोठा मिळून घराची जागा, आणि व्हर्गेट हे जमिनीचं माप, ते पुढे येईल. फाइन म्हणजे दंड नाही, नोंदीची रक्कम, आणि 6 शिलिंग 8 पेन्स हा आकडा सारखा का येतो तर तो अर्धा मार्क आहे. मार्क नावाचं नाणं नव्हतंच, हिशोबापुरतं एकक, 13 शिलिंग 4 पेन्स, पौंडाचा दोन तृतीयांश. गाय हेरियट म्हणून गेली यावरून दोन गोष्टी कळतात, एक तर अमुक मरणाच्या दारात असावा किंवा तिथे जमीन सोडतानाही हेरियट घ्यायचा रिवाज असावा, आणि दुसरं, घरात घोडा किंवा बैल बहुतेक नव्हता, कारण सगळ्यात चांगलं जनावर न्यायचे. एवढ्याशा नोंदीतून घराचा गोठा दिसतो.

या नोंदीची नक्कल धरणाऱ्याला मिळायची आणि तोच त्याचा पुरावा, म्हणून पुढे या प्रकाराचं नाव कॉपीहोल्ड पडलं, नकलेवर धरलेली जमीन. तो थेट विसाव्या शतकापर्यंत टिकला, 1922 च्या कायद्याने रद्द झाला आणि तो बदल 1 जानेवारी 1926 पासून लागू झाला. रिवाज गावोगाव वेगळा असायचा हेही लक्षात ठेवा. साधारण कायदा थोरल्या मुलाला सगळं देणारा, पण काही ठिकाणी बरो-इंग्लिश म्हणजे धाकट्याला, आणि केंट परगण्यात गॅव्हलकाइंड म्हणजे सगळ्या मुलांना सारखं, आपल्या वाटपासारखं. त्यामुळे केंटच्या नोंदीत तीन भावांची नावं दिसली तर थोरल्याचा हक्क गेला म्हणून कोणी भांडलं असेल असा अंदाज बांधू नका.

मोकळ्या जमिनीचे दस्त, म्हणजे चार्टर, वेगळे. त्यांचा साचा पाठ करून ठेवा, मग लॅटिन येत नसलं तरी बोट ठेवता येतं. सुरुवात "सियांत प्रेझेंतेस एत फुतुरी", म्हणजे आत्ताच्या आणि पुढच्या सगळ्यांना कळावे. मग "देदी, कोन्सेस्सी", मी दिली, मंजूर केली. मग जमिनीचं वर्णन आणि चतुःसीमा, अमक्याच्या जमिनीच्या पूर्वेला वगैरे. मग "हाबेंदुम एत तेनेंदुम", यापुढे कोणाकडून आणि किती काळ याचं उत्तर आहे, तुमचा पहिला आणि तिसरा रकाना इथे भरतो. मग "रेद्देंदो", यापुढे दुसरा रकाना, कशाच्या बदल्यात. मग कोणी हरकत घेतली तर मी निस्तरीन असं वचन, आपल्या खरेदीखतात असतं तेच, आणि शेवटी "हीस तेस्तिबुस", साक्षीदार. मी तर प्रिंट काढून आधी हे पाच शब्द हायलायटरने रंगवते आणि मगच वाचायला बसते.

अजून एक कागद फार फसवतो, फूट ऑफ फाइन. वरवर बघितलं तर कोर्टातला दावा, एकाने दुसऱ्यावर जमिनीसाठी केस केली आणि मग समझोता झाला. बऱ्याच वेळा भांडण नसतंच, खरेदीच असते, पण कोर्टाचा शिक्का हवा म्हणून दावा लावलेला असतो, आपल्याकडे तडजोड हुकूमनामा घेतात त्या धर्तीवर. वादी क्वेरंट म्हणजे बहुतेक घेणारा, प्रतिवादी डिफोर्शंट म्हणजे देणारा. 1195 पासून एकाच चामड्यावर तीन प्रती लिहायच्या, वेड्यावाकड्या रेघेवर कापायच्या, दोन पक्षकारांना आणि खालची तिसरी, म्हणजे पायाकडची, सरकारी खजिन्यात, म्हणून फूट. खोटा कागद आणला तर कापाची रेघ जुळायची नाही. ही पद्धत 1833 पर्यंत चालली. त्यात लिहिलेली रक्कम खरी किंमत मानू नका, ठोकळेबाज आकडे असतात.

वारस नोंदीसारखा कागद हवा असेल तर इन्क्विझिशन पोस्ट मॉर्टेम बघा, नाव ऐकून दवाखाना आठवतो पण ही जमिनीची चौकशी आहे. टेनंट-इन-चीफ मेला की एस्चीटर नावाचा अधिकारी गावच्या लोकांना शपथेवर विचारायचा, काय जमीन होती, कोणाकडून, कोणत्या सेवेने, वर्षाचं उत्पन्न किती, कधी मेला, वारस कोण आणि वय काय. म्हणजे आपले तिन्ही रकाने आयते भरून मिळतात, नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. फक्त "वय 30 आणि जास्त" असं असेल तर ते 30 म्हणून पकडू नका, सज्ञान आहे एवढाच त्याचा अर्थ.

मोजमापाला फार घाबरू नका पण एकरांत पक्कं रूपांतर पण करू नका. हाइड म्हणजे साधारण 120 एकर मानतात, त्याचा पाव व्हर्गेट, साधारण 30. डेन लोकांच्या वस्तीच्या भागात हाइडऐवजी कॅरुकेट आणि त्याचा आठवा भाग बोव्हेट, एका बैलाची जमीन. पण हाइड हा खरं तर कर बसवायचा आकडा होता, म्हणून प्रत्यक्ष जमीन कमी-जास्त असायची. आपल्याकडचा चाहूर 120 बिघ्यांचा, आकडा तोच येतो याची मला गंमत वाटते. आणि पर्च म्हणजे साडेसोळा फुटांची काठी, तिच्या दोन काठ्या म्हणजे 33 फूट, आणि 33 गुणिले 33 म्हणजे आपला गुंठा, 1089 चौरस फूट. गंगापूर रोडचा प्लॉट मोजताना आपण याच काठीची दुप्पट वापरतो. 1086 च्या डूम्सडे बुकात द्राक्षमळे पण आहेत, त्यांचं माप आर्पेंट हे फ्रेंच माप आहे, नाशिककरांनी ती पानं बघावीतच.

तारखा. साल राजाच्या राज्यारोहणापासून मोजतात आणि दिवस सणापासून. "एडवर्ड पहिला, वर्ष 18, सेंट मायकेलच्या सणानंतरचा सोमवार" हे कसं काढायचं, तर एडवर्डचं राज्य 20 नोव्हेंबर 1272 पासून, म्हणजे अठरावं वर्ष 20 नोव्हेंबर 1289 ते 19 नोव्हेंबर 1290. सेंट मायकेलचा सण 29 सप्टेंबर, 1290 साली तो शुक्रवारी होता, म्हणजे तारीख 2 ऑक्टोबर 1290. पेशवे दप्तरातला सुहूर सन ज्यांनी 599 किंवा 600 मिळवून सोडवलाय त्यांना यात नवीन काही नाही. साल आकड्यात दिलं असेल तर मात्र नवं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं हे लक्षात ठेवा, 10 फेब्रुवारी 1340 म्हणजे आपल्या हिशोबाने 1341. हे 1752 पर्यंत तसंच होतं.

आकडे रोमन असतात, शेवटच्या i ला शेपूट काढून j करतात, आणि चारच्या डोक्यावर बारीक वीस लिहिलं तर चार वीस म्हणजे 80. अर्ध्याला दिम, आपल्या जुन्या कागदात निमे येतं तसं. लेखनिक शब्द अर्धे तोडून वर रेघ मारतात, मोडीत परगण्याचा नुसता प आणि दोन दंड असतो ना, तोच आळस आणि तीच सोय. शहराची नावं पण जुन्या रूपात येतात, नाशिकचं गुलशनाबाद ज्याने वाचलंय तो यात अडकणार नाही.

कागद मिळायला लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजचा ऑनलाइन कॅटलॉग आहे, फाइन्सची मालिका सीपी 25/1 आणि कोर्ट रोलची एससी 2, आणि ह्यूस्टन विद्यापीठाच्या साइटवर हजारो गुंडाळ्यांचे फोटो फुकट बघायला मिळतात. सुरुवात भाषांतर छापलेल्या नोंदींनी करा, मूळ फोटो शेजारी उघडा ठेवा. वही मात्र गाव नमुना 6 सारखी आखा, तारीख, देणार, घेणार, काय, आणि मग ते तीन रकाने, आणि जो शब्द लागला नाही तिथे अंदाजाने मराठी लिहू नका, आहे तसा पेन्सिलीने उतरवून ठेवा. माझ्या भाचीच्या एका नोंदीत असा एक शब्द चार महिने पेन्सिलीत पडून होता, शेवटी त्याच मॅनरच्या पुढच्या वर्षाच्या गुंडाळीत तोच माणूस त्याच जमिनीसाठी परत आला आणि तिथे लेखनिकाने तो शब्द पूर्ण लिहिला होता, असार्ट, रान तोडून नव्याने काढलेली जमीन.